नऊ हात लांब, सात हात रुंद

चांगलं अक्षर असणं हा गुन्हा आहे, हे मला आमच्या बांधकामवाल्यांच्या मंडळाने शिकवलं. महाडात माझी इमारती लाकडाची आणि कौलांची वखार होती. मंगलोरी कौलं खाडीतून पडावांनी वर यायची, ती मी उतरवून घ्यायचो आणि महाड-पोलादपूरच्या गवंड्या-सुतारांना द्यायचो. बांधकामाशी माझा संबंध एवढाच. माझ्या हाताने आजवर भिंतीत एक दगड बसलेला नाही. पण मुंबईच्या कुठल्याशा मोठ्या मंडळाने गावोगाव शाखा काढायचं मनावर घेतलं, आमच्याकडेही एक निघाली, आणि पहिल्याच सभेत मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात मला चिटणीस करून टाकलं. परत येऊन पाहतो तर टाळ्या चालू. कोणीतरी म्हणालं, शेटचं अक्षर मोत्यासारखं आहे. त्या मोत्यांपायी माझी पुढची सहा वर्षं गेली.

कमिटी अकरा जणांची होती, पण बोलणारे चौघेच. बाकीचे जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूने मान हलवायचे. अध्यक्ष महाडचे एक ठेकेदार होते. शाळा, सरकारी बंगले, लहानसहान पूल अशी कामं घ्यायचे. उपरण्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत आणि भाषण केल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. दुसरे कापडे गावचे म्हातारे गवंडी, ज्यांना सगळे आबा म्हणत. ओळंबा न लावता नुसत्या नजरेने ते भिंतीचा बाक सांगायचे, आणि सांगायचेच, कोणी विचारो न विचारो. तिसरे पोलादपूरचे सुतारमामा. गवंडी हा माणूस मुळात कशासाठी जन्माला येतो, याचं उत्तर त्यांच्या मते चौकट धरून ठेवण्यासाठी. चौथा मुंबईत वीस वर्षं काढून परतलेला मुकादम. त्याच्या खिशात घडीची फूटपट्टी असायची आणि तोंडात 'लेवल', 'सिमिट' आणि 'टैम खराब मत करो'. सगळ्यांत जास्त टैम तोच खराब करायचा.

ही माणसं कामावर असली की त्यांच्यासारखी माणसं नाहीत. उन्हातान्हात दगड घडवतील, पावसाच्या तोंडावर छप्पर चढवतील, शब्दाला पक्की. पण चौघांना एका सतरंजीवर बसवा, की झालं. मला वाटतं घर बांधणारा माणूस दिवसभर दुसऱ्याच्या मर्जीने वागतो, त्याची सगळी भरपाई तो सभेत करून घेतो.

माघात विश्वकर्म्याची पूजा आणि जेवण असं आमचं स्नेहसंमेलन व्हायचं. पहिल्या वर्षी पंगतीवरून वाजलं. गवंडी म्हणाले आधी पाया, म्हणून आम्ही आधी बसणार. सुतार म्हणाले पाया कोण बघतो, घर ओळखलं जातं दारावरून. शेवटी दोघांनाही एकदम बसवलं, तर वाढप कोणत्या टोकाने सुरू करायचं यावर भात गार झाला. दुसऱ्या वर्षी मुकादमाच्या डोक्यातून भिंत बांधण्याची शर्यत निघाली. दोन जोड्या, सारखे दगड, ठरलेला वेळ, ज्याची भिंत सरळ तो जिंकला. भिंती झाल्या. कोणती सरळ यावर एकमत काही होईना. आपली भिंत पाडली तर आपण हरलो असं ठरेल म्हणून दोन्ही जोड्या पाडायला तयार नाहीत. त्या दोन भिंती एका भल्या माणसाच्या खळ्यात पुढचं वर्षभर उभ्या होत्या आणि तो रस्त्यात भेटला की मी समोरच्या बोळात शिरायचो.

तिसऱ्या वर्षी रायगडाची सहल. जुन्यांचं दगडकाम बघावं, चार गोष्टी शिकाव्यात, असा उदात्त हेतू मीच ठरावात लिहिला होता. आम्ही गड चढलोच नाही. पायथ्याला हिरकणीवाडीत पाणी प्यायला एका घरी थांबलो, तिथे आबांना भिंत जराशी बाहेर आलेली दिसली. मग सगळे ती भिंत बघायला लागले. एक म्हणाला पाया खचलाय, दुसरा म्हणाला पाया ठीक आहे पण तुळई लांब आहे, मुकादम म्हणाला ही यंदाचा पावसाळा काढत नाही. दुपार टळेपर्यंत हेच. घरधनीण बिचारी इतकी घाबरली की तिने चुलीवरचं भांडंसुद्धा बाहेर आणून ठेवलं. पुढे बऱ्याच वर्षांनी मी तिकडे गेलो होतो. ती भिंत तशीच उभी होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते आमच्या मंडळाला बघूनच म्हटलं असावं.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, आणि तेव्हाही घरी येऊन बायकोला सांगताना हसायचोच. पण पुढच्या वर्षी जे झालं त्यात हसायचं जमेना.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी बिरवाडीच्या एका कामावर वर उभं राहायला बांधलेली बांबूंची परांची सुटली आणि आमचा एक गवंडी वरून पडला. कापड्याचा, उंचापुरा, आबांच्या हाताखाली तयार झालेला. मंडळाच्या सभांना यायचा, कोपऱ्यात बसायचा, कधी बोलायचा नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. काम आमच्या अध्यक्षांचं होतं. परांचीचे दोर जुने होते असं लोक आपसांत बोलले, अध्यक्षांसमोर कोणी बोललं नाही, आणि मीही बोललो नाही.

मागे त्याची बायको आणि दोन मुली. बायको सुरखी कांडायची, म्हणजे चुन्यात घालायला विटांची भुकटी करायची, आणि चुना मळायच्या घाणीवर पाट्या वाहायची. तिला आमच्यातले सगळे ओळखत होते. घर दिराच्या ताब्यात गेलं आणि दिराने तिला गोठ्यात जागा दिली. उन्हाळ्यात गुरं माळावर असतात, तेव्हा गोठा रिकामा. मिरगाला गुरं आत आली की हिने बाहेर पडायचं, असं दिराने सरळ सांगितलेलं.

माघातल्या संमेलनात तिला बोलावून लुगडं आणि नारळ दिला. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. पोलादपूरच्या रस्त्याला, पुराच्या पाण्याच्या वर, मंडळाला हॉलसाठी एका सज्जनाने जागा दिली होती. त्या जागेत आधी एक खोली बांधू, ती या बहिणीला राहायला देऊ, मग हॉल बांधू, मिरगाच्या आत खोली पुरी करू, असं अध्यक्षांनी जाहीर केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गवंड्यांनी मजुरी न घेता भिंती द्यायच्या, सुतारांनी छप्पर, मी कौलं, चुना भट्टीवाल्यांचा. मला भरून आलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण चिटणीस आहोत हे बरं आहे. ती नारळ पदरात धरून उभी होती आणि टाळ्या थांबल्यावर तिने वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

खोली केवढी, हे तर एका बैठकीत ठरलं. आमच्याकडे घराचं माप मनाला येईल तसं धरत नाहीत. लांबी किती हात, रुंदी किती हात, त्यांचा गुणाकार करायचा, आठाने भागायचं आणि बाकी विषम उरली तर घर लाभतं. नऊ हात लांब, सात हात रुंद. त्रेसष्ट. आठाने भागून सात उरतात. गवंडी खूश, सुतार खूश. मुकादमसुद्धा म्हणाला, ठीक हाय. मी ठराव लिहिला आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं की ही माणसं वाटतात तेवढी वाईट नाहीत.

पुढच्या बैठकीला आबा दोरी घेऊन आले आणि म्हणाले, हात कुणाचा धरायचा?

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तो घरधन्याचा. गवंडी धन्याला उभा करतो, त्याच्या हाताने दोरीला गाठी मारतो आणि त्या दोरीने आखणी करतो. म्हणून शेजारीशेजारी नऊ हातांची दोन घरं लांबीला सारखी नसतात. ज्याचं घर त्याच्या हाताचं. पण आमच्या खोलीची जागा मंडळाची. मंडळाला हात कुठून आणायचा?

अध्यक्षांनी उपरणं सावरून बाही वर केली. मंडळाचा मुख्य तो मंडळाचा धनी, असं त्यांचं म्हणणं. आबा म्हणाले, मुख्य दर साल बदलतो, घर काय दर साल बदलायचं? हात धरायचा तर सगळ्यांत वयाने मोठ्याचा. तो अर्थात त्यांचा स्वतःचा. सुतारमामा म्हणाले, गवंड्याच्या हाताने आखलेल्या भिंतीवर आम्ही छप्पर ठेवणार नाही, उद्या सगळा तालुका म्हणेल सुतार गवंड्यांच्या हाताखाली गेले. मुकादमाने फूटपट्टी उघडली. साडेतेरा फूट बाय साडेदहा, खतम करो.

आबा त्याला म्हणाले, "फूट म्हंजे कुना सायबाचा पाय. त्याच्या पायानं आमी आमचं घर मोजायचं?"

झालं. ती बैठक तिथेच संपली. पुढचीही तशीच संपली. फाल्गुन गेला. आधीच उल्हास, त्यात शिमगा. पोलादपूरची सगळी सुतारमंडळी पालखीमागे गेली ती पंधरा दिवस परत फिरकली नाहीत. चैत्रात मी मुंबईच्या मुख्य मंडळाला चार पानी पत्र लिहिलं, त्या मोत्यासारख्या अक्षरात. उत्तर आलं. शाखेच्या कार्याबद्दल अभिनंदन, आणि वार्षिक अंकासाठी कमिटीचा फोटो पाठवावा. मी ते पत्र बैठकीत वाचून दाखवलं तर हाताचा विषय बाजूला राहिला आणि फोटोत मध्ये कोण बसणार यावर चर्चा सुरू झाली.

बाजाराच्या दिवशी ती कापड्याहून चालत यायची. वखारीच्या दाराशी पाटी उतरवायची आणि आत न येता विचारायची, "भाऊ, खोलीचं कुठवर आलं?" मी म्हणायचो, होतंय, वहिनी, आखणी चाललीय. हे मी किती वेळा म्हटलं ते आठवूनसुद्धा मला आज लाज वाटते. तिला बांधकाम कळत होतं. आयुष्य तिने कामांवर काढलं होतं. आखणीला दोन महिने लागत नाहीत हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं, पण ती मान हलवायची आणि पाटी उचलायची.

मग मी एक शहाणपणा केला, तो सांगायलाच हवा. मी सुचवलं की अकराही जणांचे हात मोजावेत, बेरीज करून अकराने भागावं, जो येईल तो मंडळाचा हात. मला ही युक्ती फार न्यायाची वाटली होती. त्या दुपारी वखारीत अकरा माणसं बाह्या सरसावून रांगेत उभी होती आणि मी सागाच्या फळीवर एकेकाचं कोपर टेकवून खुणा करत होतो. सुतारमामांवर आरोप झाला की ते बोट ताणतात. अध्यक्षांच्या कोपराचं हाड धरायचं की मांस धरायचं, यावर अर्धा तास गेला. एकाने नख वाढवलेलं होतं, ते कापून यायला त्याला न्हाव्याकडे पाठवला. दिवस कलताना माझ्याजवळ एक माप आलं. मी दमून खाली बसलो. आणि आबा म्हणाले, चालणार नाही.

"जो हात कुनाचाच नाय, त्या मापाचं घर कुनाचं होनार? भुताचं."

आणि पहिल्यांदाच सगळी कमिटी एकमताने त्यांच्या बाजूची झाली. मी ती फळी उचलून जळणाच्या ढिगात टाकली.

वैशाख अर्धा गेला. आमच्याकडे मृग लागला की गवंडी शेतकरी होतो. कापड्याची सगळी माणसं भाताच्या खाचरात उतरतात, मग दिवाळीपर्यंत थापी कोणी हातात धरत नाही. म्हणजे आता जे व्हायचं ते तीन आठवड्यांत, नाहीतर नाही. त्या आठवड्यात ती बाजाराला आली तेव्हा तिने खोलीचं विचारलंच नाही. पाटी खाली ठेवून नुसती उभी राहिली. मीच विचारलं, काय झालं, वहिनी.

"दीर म्हनतो, पोरी ऱ्हाऊ देत हितं, कामाला हुतील. तू मुंबैला भावाकडं जा." थोडं थांबून म्हणाली, "मी पोरी टाकून नाय जानार. पन मग आमी तिघी जायाचं कुठं, त्ये तरी सांगा."

मला जो राग आला तो दिराचा नव्हता. दिराचं घर लहान, गुरं त्याची, त्याने माघात टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मला राग आला तो आमच्या अकरा जणांचा, आणि त्यात सगळ्यांत जास्त माझा. इतके दिवस मी चर्चेचे कागद लिहीत बसलो होतो. मी तिला म्हटलं, उद्या दुपारी बैठक आहे, तुम्ही या. बैठकीला बाईमाणूस येत नाही, ती म्हणाली. मी म्हटलं, उद्यापासून येतं.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली आणि वखारीच्या दारात उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ज्यांना भांडायचं असेल त्यांनी आज यांच्यासमोर भांडा. मी कागद आणलेला नाही. आज काही लिहायचं नाही."

मला वाटलं होतं, शरमेने गप्प बसतील. कसचं काय. पालथ्या घड्यावर पाणी. पाच मिनिटं सगळे जपून बोलले, मग अध्यक्ष म्हणाले की एवढ्यासाठीच मी पहिल्या दिवशी हात पुढे केला होता, आणि सुतारमामा म्हणाले की तुमचा हात पैसे काढायलाही पुढे असता तर परांचीचे दोर... आणि तिथेच थांबले. कोणी कोणाकडे बघेना. मी तिच्याकडे पाहिलं. ती मात्र खाली बघत होती. तिचा चेहरा जराही हलला नाही.

मग तिने आबांना विचारलं.

"आबा, आमचं कापड्याचं घर बांधलंत तवा हात कुनाचा घ्येतला हुता?"

"तुज्या सासऱ्याचा. धनी त्योच हुता."

"मंग ह्या खोलीत ऱ्हानार कोन?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत हा प्रश्न आम्हा अकरा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. जागा कुणाची, मान कुणाचा, मोठा कोण, सगळं बोलून झालं होतं. तिने पदर सावरला आणि उजवा हात पुढे धरला.

सुतारमामा घुटमळले. तसे ते वाईट मनाचे नव्हते, रूढीत वाढलेले होते. ते म्हणाले की बाईमाणसाच्या हाताने कधी आखलेलं नाही. आबांनी त्यांना हाताच्या खुणेने गप्प केलं आणि दोरी घेऊन उठले. जवळ जाऊन त्यांनी तिचा हात एका फळीवर टेकवला, आणि तेही थांबले. तिच्या मधल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. सुरखी कांडताना कधीतरी ठेचलं होतं, नंतर काढावं लागलं होतं. अधू हाताचं माप घ्यायचं नाही, हा नेम आमच्यात सगळ्यांना माहीत. आबांचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले की पेराएवढं वाढवून गाठ मारू, कुणाला कळायचं नाही.

"नको आबा," ती म्हणाली. "हात माजा असाच हाय. घरबी असंच चालंल."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मी अध्यक्षांकडे बघत होतो. त्यांनी मान खाली घातली होती.

"हात सरळ कर गो," आबा म्हणाले, आणि त्यांनी पहिली गाठ मारली.

त्यानंतरचं काम अठरा दिवसांत झालं. मला पुन्हा संताप आला तो याचाच की अठरा दिवसांत होणारं काम होतं ते. मजा म्हणजे भांडणं थांबली नाहीत, पण हात चालू ठेवून भांडायला लागले. सुतारमामांनी चौकट घरून करून आणली ती दोन बोटं जास्त रुंद, म्हणून आबांनी शिव्या दिल्या. मुकादमाने उंबऱ्याला सिमिट वापरलं, म्हणून दोघांनी मिळून त्याला शिव्या दिल्या. आमच्यात अमावास्येला कोणी हत्याराला हात लावत नाही. त्या अमावास्येला सगळे आले आणि येताना एकमेकांना म्हणाले की मी नुसता बघायला आलोय. अध्यक्षांनी नवे दोर आणले. परांची त्यांनी स्वतः बांधून घेतली, स्वतः वर चढून चारी बाजूंनी हलवून पाहिली, आणि मगच माणसं वर सोडली. खोली एवढी बुटकी होती की परांचीची फारशी गरजही नव्हती. मी हे पाहिलं आणि काही बोललो नाही, पण या वेळी न बोलण्याची लाज वाटली नाही.

मिरगाला दोन दिवस होते तेव्हा ती मुलींना घेऊन आली. डोक्यावर दोन गाठोडी आणि एक पाटा. तिने दूध उतू घातलं, देवापुढे वात लावली. खोली लहान होती, आमच्या अंदाजाहून लहान. तिचा हात आखूड, त्यात एक पेर कमी, आणि ते नऊ वेळा कमी. कमिटी आत मावेना, म्हणून आम्ही बाहेर अंगणात उभे राहिलो. अध्यक्षांनी खिशातून भाषणाचा कागद काढला होता. माझ्या मनात आलं, आता नको हो, पण म्हणणार कोण.

तेवढ्यात ती बाहेर आली आणि आबांना म्हणाली, "येक इचारू? त्येंच्या हातानं मोजली असती तर केवडी झाली असती?"

तिचा नवरा आबांच्या हाताखाली वाढलेला, एका परांचीवर दोघांनी वर्षानुवर्षं काढलेली. आबा भिंतीच्या कोपऱ्याशी गेले, गुडघे टेकून खाली बसले, आणि स्वतःचं कोपर जमिनीला लावलं. बोटाच्या टोकापुढे दोन बोटं आडवी धरली. "त्याचा हात माज्याहून दोन बोटं लांब," एवढंच ते म्हणाले. मग तिथे कोपर ठेवून पुढचा हात. भिंतीच्या कडेकडेने ते म्हातारं माणूस गुडघ्यांवर सरकत होतं आणि आम्ही मनात मोजत होतो. सातव्या हातालाच भिंतीचं टोक जवळ आलं. आठव्यात भिंत संपली. नववा मोकळ्या जमिनीवर पडला. आबांनी तिथे एक दगड ठेवला आणि मुकादमाचा खांदा धरून उठले.

ती भिंतीच्या आणि दगडाच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिली. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. रडली नाही, आवाजही हलला नाही.

"येक मानूस आडवा निजंल, येवडी हाय," ती म्हणाली.

हॉलची भिंत त्याच जागेतून जायची होती, नकाशा माझ्याच खिशात होता. अध्यक्षांनी भाषणाचा कागद घडी करून परत ठेवला. ते मुकादमाला म्हणाले, हॉल दगडाच्या पलीकडून धर, इथे कोणी पाया खणू नका. आणि मग एवढ्या महिन्यांत जे त्यांनी एकदाही केलं नव्हतं ते केलं. तिच्यासमोर जाऊन, उपरणं हातात धरून ते म्हणाले, "दोर जुने होते, बाई."

ती म्हणाली, "ठावं हाय," आणि मुलींना हाक मारून आत गेली.